फ्लूच्या लशीनंतर खांदा धरलाय: दावा कुठे करायचा?

फार्मसीत फ्लूची लस घेतल्यावर खांदा धरला, की कुणीतरी "सरळ त्या फार्मसीवर केस ठोका" असं सुचवतं. अमेरिकेत ते तसं होत नाही. फ्लूच्या लशीसाठी १९८६ च्या कायद्याखाली भरपाई योजना आहे आणि आधी तिथेच जावं लागतं. दावा वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, प्रतिवादी आरोग्य खात्याचे सचिव. पैसे डोसमागे घेतलेल्या ७५ सेंट करातून येतात. त्यामुळे दाव्याने लस टोचणाऱ्या मुलीची नोकरी जाईल अशी काळजी वाटत असेल, तर ती सोडा.

लस टोचल्यामुळे होणारी खांद्याची ही इजा, इंग्रजीत 'सिर्व्हा' (SIRVA), २०१७ पासून योजनेच्या तक्त्यात, म्हणजे अटी पूर्ण झाल्या की लशीमुळेच झाली असं धरल्या जाणाऱ्या इजांच्या यादीत, आहे. दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं, त्याच खांद्यापुरतं हवं, आणि त्या खांद्याची आधीची तक्रार नको. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा (शस्त्रक्रियेसाठी भरती व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी). घोडं अडतं ते कागदांवर. आपण तेल चोळत "होईल बरं" म्हणत बसतो आणि डॉक्टरांच्या नोंदीत लशीचा उल्लेखच नसतो. पुढच्या भेटीत दुखणं कधी सुरू झालं ते स्पष्ट सांगा, लिहून घ्यायला लावा.

मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं. दावा प्रामाणिक आणि सकारण असेल तर हरलात तरी वकिलाची फी योजनेतून मिळू शकते.

कोविडची लस मात्र या योजनेत नाही. तिची योजना वेगळी, मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष, आणि वकिलाचा खर्च आपला. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या असतील, तर कुठली कुठल्या दंडात दिली याची नोंद फार्मसीकडून आजच मागवा.