अनुभव धागा: छोट्या शहराचा कल आणि मतदानाचा टक्का

वेशीवरचा
कागद आवरताना २०२४ च्या विधानसभेचा फॉर्म २० (अंतिम निकालाचा तक्ता) सापडला आणि पारावरचा जुना वाद आठवला, ‘हे गाव नक्की कुणाचं?’ बूथ सांभाळलेल्या, यादीचं काम केलेल्या सगळ्यांनी लिहा.
सुरुवात करतो. विधानसभेच्या एका मतदारसंघात शहर आणि आजूबाजूची खेडी एकत्र असतात. शहराची केंद्रं वेगळी काढल्याशिवाय शहराचा कल दिसत नाही. फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं आणि नोटा असते, पण इमारतीचं नाव नसतं. म्हणून मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवायची. मागच्या वेळचा केंद्र क्रमांक तसाच धरू नका. २०२५ मध्ये केंद्रामागे मतदारांची मर्यादा १५०० वरून १२०० वर आली, त्यामुळे केंद्रं फुटतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. क्रमांक सोडा, गल्ल्या जुळवा. टपाली मतं केंद्रनिहाय मिळत नाहीत, ती शेवटी एकत्र असतात.

यादीवाली
कलाचं नंतर बघू, आधी टक्का. लोक उदासीन म्हणून टक्का पडतो असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. समजा भागात १००० नावं, त्यातली १५० मयत नाहीतर कायमची बाहेरगावी. उरलेल्या ८५० पैकी ६८० आले, म्हणजे खरं मतदान ८० टक्के. कागदावर ६८!
मयताचं नाव काढायला फॉर्म ७ आणि मृत्यूचा दाखला, बीएलओकडे (भागाच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवर. पत्ता बदलला तर फॉर्म ८. सगळ्यात जास्त घोळ लग्न झालेल्या मुलींच्या नावांचा. सासरी फॉर्म ८ भरायचा, तर नव्या नावनोंदणीचा फॉर्म ६ भरतात. माहेरचं नाव तसंच राहतं आणि दुबार होतं.

निळाई
ताई, दुबार नावापुढे दोन तारे होते ते हेच का?

यादीवाली
हो, २०२५ च्या स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत. संभाव्य दुबार असा त्याचा अर्थ. नाव कापलेलं नसतं. कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवलं नसेल तर बूथवर लेखी द्यावं लागतं की दुसरीकडे मत दिलेलं नाही. तारे बघून बरेच जण घरीच बसले, वाईट वाटतं.

चौकट राजा
नगरपरिषदेचं गणितच वेगळं. प्रभागात साधारण दोन जागा, शिवाय थेट नगराध्यक्ष, म्हणजे तीन वेळा बटण. एक दाबून लोक निघतात. सगळ्या जागांचं झाल्याशिवाय शेवटचा बीप येत नाही, मग अधिकारी हाक मारून परत बोलावतात आणि रांग तुंबते. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं, मोकळं सोडायचं नाही. घरोघरी स्लिपा वाटताना एवढं एक वाक्य सांगितलं तरी रांग झपाझप सरकते.
कलही इथेच फसवतो. अध्यक्षाला एका पक्षाचं आणि प्रभागात ओळखीच्या माणसाला मत, हे सर्रास चालतं. विधानसभेचा आकडा नगरपरिषदेला लावू नका.

रानवारा
पोळ्या टाकता टाकता लिहितेय. सासूबाई ८७ च्या, गुडघे गेलेत. घरून मतदान होतं ना?

वेशीवरचा
लोकसभा-विधानसभेला होतं, वहिनी. वय ८५ च्या वर किंवा दिव्यांगत्व ४० टक्के. त्यासाठी अर्ज फॉर्म १२ड, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. ही मुदत फार लवकर संपते. नगरपरिषदेला ही सोय नाही. नीट दिसत नसेल तर सोबत कुणीतरी १८ वर्षांवरचं न्या. एका दिवशी एका सोबत्याला एकाच मतदाराला मदत करता येते.

रानवारा
बरं झालं विचारलं. पोळी करपली पण चालेल 🙂

बूथ नं. तीन
पोलिंग एजंटांसाठी (केंद्रावर बसणारे उमेदवारांचे प्रतिनिधी). विधानसभेला सकाळचं मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, किमान ५० मतांचं. नंतर क्लिअर केलं का ते डोळ्यांनी पाहा, पडद्यावर एकूण मतं शून्य दिसली पाहिजेत. ते राहिलं तर मतमोजणीला आकडा जुळत नाही आणि त्या यंत्रावरून वाद होतो. संध्याकाळी फॉर्म १७क ची (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब) सही केलेली प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही.
वेळ संपताना रांगेत शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या देत येतात. चिठ्ठी मिळाली की कितीही वाजले तरी मत देता येतं. हे ठाऊक नसल्यानं लोक रांग सोडून जातात.

सुपारी
आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर? काकांच्या बाबतीत झालंय तसं.

बूथ नं. तीन
फार चीड येते अशा वेळी. पण परत फिरायचं नाही, ओळखपत्र दाखवून प्रदत्त मत मागायचं. यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर. ते वेगळ्या पाकिटात सीलबंद राहतं, एरवी मोजत नाहीत. पण नोंद राहते, आणि निकाल कोर्टात गेला तर ती उपयोगी पडते.

निळाई
यादीवाली ताई, भाऊ ऑगस्टमध्ये नाव घालून आला तरी डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद यादीत नव्हता. का?

यादीवाली
कारण १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेतली होती. राज्य निवडणूक आयोग नवं नाव घालत नाही, ती यादी फक्त प्रभागांत फोडतो. प्रारूप यादी लागते तेव्हा प्रभाग चुकला असेल किंवा विधानसभेच्या यादीत असून नाव गळलं असेल, तरच हरकत चालते. प्रभागाच्या सीमेवर घर असेल तर ती प्रारूप यादी नक्की बघा, समोरासमोरची घरं दोन प्रभागांत जातात. भावाला सांगा, आता यादीत भाग आणि अनुक्रमांक तपासून ठेव.