मिन्नल मुरली: जन्मकथा जेसनची की शिबूची?

तिसरीघंटा
'मिन्नल मुरली' (२०२१, दिग्दर्शक बेसिल जोसेफ) हा मल्याळम सुपरहिरोपट जमलाय, पण भलत्याच माणसावर. नाताळच्या आदल्या रात्री नायक जेसन आणि खलनायक शिबू या दोघांवरही वीज पडते आणि दोघांना अचाट शक्ती मिळते. तिथून पुढे कारणं सगळी शिबूच्या वाट्याला आणि योगायोग जेसनच्या.

शिबू चहाच्या दुकानात राबणारा, गावाने वेडा ठरवलेला. उषावर वर्षानुवर्षं जीव. तिच्या मुलीच्या ऑपरेशनला पैसे लागतात, बँक फोडतो. तिचा भाऊ दासन आड येतो, त्याला मारतो. गाव चालून येतं, आगीत उषा जाते, मग हा गावावर उलटतो. कुठेही कडी निखळत नाही. त्यात गुरु सोमसुंदरम रंगभूमीवर मुरलेला नट, त्यामुळे उषाने होकार दिल्यावर शिबूचा चेहरा बघताना हा खलनायक आहे हे आपण विसरतो.

आणि जेसन? शिंपी, अमेरिकेला जायचंय, प्रेयसीने सोडलंय. मग कळतं की खरा बाप मार्टिन नावाचा नट होता, आगीत दुसऱ्यांना वाचवताना गेला, आणि 'मिन्नल मुरली' हे त्याच्याच नाटकातलं पात्र. म्हणजे मुलगा चांगला का वागतो, तर बाप चांगला होता म्हणून! २००२च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये पीटर स्वतः चोराला सोडतो आणि त्याच चोरामुळे काका मरतो. चूक त्याची, भुर्दंड त्याचा. जेसनची चूक कुठली?

कटपट्टी
चूक आहे की. नीट बघा. शक्ती मिळाल्यावर पहिलं काम काय करतो? तोंडाला फडकं गुंडाळून पोलिसांना बडवतो. निव्वळ सूड. नाव मुरलीचं लावतो, आणि एकदा ते बुरख्याआडचं नाव गावात फिरलं की बँकेची चोरीही त्याच नावावर खपते. सूडासाठी घेतलेला मुखवटा त्याच्याच गळ्यात येतो. हा भुर्दंड नाही?

बापाच्या बाबतीतही पटलं नाही. मार्टिनकडे कसलीही शक्ती नव्हती, हाच तर मुद्दा. वारसा रक्ताचा नाही, भूमिकेचा आहे. बापाने रंगमंचावर केलेलं सोंग मुलगा खरं करतो. दशावतार, तमाशा बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागू नये.

तिसरीघंटा
मुखवट्याचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून निसटला. पण मग त्याचा हिशेब पडद्यावर कुठे होतो? 'मी नाव घेतलं नसतं तर' हा विचार जेसनच्या डोक्यात एका प्रसंगापुरताही येत नाही. प्रेक्षकाने जुळवून घ्यायचं आणि श्रेय पटकथेला द्यायचं, हे चालणार नाही.

फ्रेमबाय
तुमचं पटकथेवरच अडलंय. शक्तीची वाटणी बघा. शिबू मनाने वस्तू हलवतो. असा शॉट घ्यायला नट जागेवर उभा, वस्तू तारेवर. नंतर तार पुसायची आणि तारेमागची मोकळी पार्श्वभूमी वेगळी टिपून ठेवलेली असली की काम सोपं. जेसनचं वेगाने धावणं त्याहून किती तरी अवघड. पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात, पावलाबरोबर धूळ उडाली नाही की डोळा लगेच पकडतो, आणि कपडा वाऱ्याने मागे गेला नाही तर नट हवेत टांगलेला वाटतो. शिबूच्या तुलनेत जेसन काही ठिकाणी हलका पडतो त्याचं एक कारण हेही. मात्र हाणामारीत अ‍ॅक्शन दिग्दर्शक व्लाद रिम्बर्गने देह वापरलेत, नुसता संगणक नाही, म्हणून ठोसा लागल्यासारखा वाटतो.

पेरियारकाठ
शेवटच्या भागाला नावं ठेवणाऱ्यांसाठी: केरळातल्या कालडीजवळ नदीपात्रात या चित्रपटासाठी उभारलेला चर्चचा सेट मे २०२० मध्ये तोडण्यात आला होता. वर टाळेबंदी.

तिसरीघंटा
सेट तोडला हे वाईटच. पण सेट पडल्याने पटकथा पडत नाही. शेवटच्या मारामारीत शिबूला उषाची आठवण करून देणारं एकही वाक्य जेसनकडे नाही, ते लिहायला सेट लागत नव्हता.

कटपट्टी
जेसनला उषा माहितीच किती? त्याने तिच्या नावाने भाषण ठोकलं असतं तर तुम्हीच म्हटलं असतं, याला कुठून कळलं!

बाकी एक बोलत नाही कोणी. तोंडाला फडकं गुंडाळण्यापासून शेवटच्या पोशाखापर्यंतचा प्रवास शिंप्याचा आहे. परदेशी चित्रपटांत बऱ्याचदा पोशाख कुठल्याशा श्रीमंताच्या प्रयोगशाळेतून येतो. इथे नायक स्वतः मापं घेणारा माणूस.

तिसरीघंटा
मग दाखवायचं होतं ना त्याला मशीनवर, रात्रभर, नीट दोन मिनिटं! कराटे शिक्षिका बिजीच्या वर्गाला मिळाला त्यातला थोडा वेळ इकडे द्यायचा.

कटपट्टी
बिजीला हात लावू नका. बाकी बोला.