‘पैसा’चं ‘पैशाला’ का होतं?

बोरूबहाद्दर: घोडा–घोड्याला, मग पैसा–पैस्याला का नाही? आणि ‘माझा’, ‘माझी’ यांतले ‘झ’ वेगळे का ऐकू येतात?

पडजीभ: मूळ घडण ‘पैस्याला’चीच. ‘स’ म्हणताना जिभेचं टोक दातांमागे असतं, ‘य’साठी मधला भाग टाळूकडे उचलावा लागतो. भरभर बोलताना जीभ आधीच वर जाते, ‘स’चा ‘श’ होतो आणि ‘य’ त्यातच विरतो. आरसा–आरशात, ससा–सशाला तसंच. ‘ई’सुद्धा हेच करते: म्हैस–म्हशी. ‘ए’ मात्र ‘स’ला हलवत नाही: पैसे, ससे.

‘झ’ला दोन्ही स्वर पुरतात. माझी, माझे तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून म्हटलेले. माझा, बोलीतलं माझं दंततालव्य, म्हणजे जिभेचं टोक दातांमागे ठेवून म्हटलेले.

नवखा: मग ‘चार’चा ‘च’ तालव्य आणि ‘चारा’चा दंततालव्य, असं का? पुढे ‘आ’च आहे की!

पडजीभ: जुन्या मराठीत ‘च्यारि’ लिहिलेलं सापडतं. ‘य’ गेला, तालव्यपणा मागे राहिला. ‘चौथा’, ‘चौदा’त तो ‘य’ नव्हताच, म्हणून तिथे ‘च’ दंततालव्य.

काना_मात्रा: थोडी भर. तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, पुढच्या स्वराच्या या नियमाला जुमानत नाहीत, म्हणून ‘चंद्र’ तालव्य पण ‘चांदणं’ दंततालव्य. फारसीतला घर्षक (हवा घासत बाहेर पडणारा) ‘ज़’ही मराठीने दंततालव्य ‘ज’वर भागवला: बाजार, जोर. लिपीत तालव्य आणि दंततालव्य दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे मराठी शिकणारा हमखास इथेच अडखळतो. कोकणी आणि तेलुगूतही हे दोन ‘च’ आहेत, हिंदीत नाहीत.