‘बॅट वरून खाली आण’ हे पोरांना सांगणं आतातरी बंद करा

तिसरा बेस
परवा डावखुरे यांनी लिहिलं, ‘बेसबॉलमध्ये पोरांना दोनच गोष्टी सांगा : बॅट वरून खाली आणा आणि हात थेट चेंडूकडे न्या. बाकी सगळी व्हिडिओवाल्यांची थेरं.’ गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, दहा इंच उंचवट्यावरून टाकतो. वेगवान फास्टबॉल प्लेटवर, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीवर, येतो तो साधारण ५-६ अंशांनी उतरत, वळणारा कर्व्ह त्याहून जास्त. खाली येणाऱ्या चेंडूवर बॅटही खालीच आणली तर दोघांची गाठ जेमतेम एका बिंदूत पडणार. किंचित वर जाणारी बॅट चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते, थोडं लवकर-उशिरा झालं तरी चेंडू लागतो. हे अमेरिकेचा नामांकित फलंदाज टेड विल्यम्स कधीच सांगून गेला. १९४१ साली .४०६ ची सरासरी (दर हजार संधींत ४०६ हिट) काढलेला माणूस आहे तो. आणि ‘हात चेंडूकडे’? स्लो मोशन लावा. आधी कंबर फिरते, हात तोवर मागच्या खांद्याजवळच असतात.

डावखुरे
तास घेतल्याबद्दल आभार. आता दहा वर्षांच्या पोराला ‘किंचित वर’ सांगून बघा. मागचा खांदा पडतो, चेंडू आभाळात जातो आणि मागे बसलेला कॅचर जागचा न हलता झेलतो. ‘खाली मार’ म्हटलं की त्याची बॅट कशीबशी सपाट होते. मला तेवढंच हवं असतं. आणि जपानच्या सादाहारू ओहचं काय? टांगलेला कागद तलवारीने कापायचा सराव करायचा. ८६८ होम रन (बेसबॉलमधले षटकारच). त्यालाही कळवा, चुकलास म्हणून.

तिसरा बेस
कागद ताशी ९० मैलांनी अंगावर येत नाही. शिवाय तुम्हालाही सपाटच हवंय! मग ‘सपाट’ म्हणायला काय जातं?

डावखुरे
सपाट म्हटलं की वर मारतात. कधी कुणाला शिकवलंय का हो?

निमूट
मुलीच्या एका कोचने सांगितलं, ‘मागच्या पायाखाली किडा चिरड.’ ती इतकं मन लावून चिरडायची की चेंडू यायच्या आत पाय फिरवून मोकळी. त्यात व्हिडिओत बघावं तर कित्येक मोठ्या हिटरांचा मागचा पाय चेंडू लागतो त्या क्षणी जमिनीवर धड टेकलेलाही नसतो! दुसरा म्हणाला, ‘वजन मागे ठेव’, तर ती बगळ्यासारखी मागच्या पायावर. तिसरा फलंदाजीचा कोच चार्ली लाऊ याचा भक्त, लाऊचा शिष्य जॉर्ज ब्रेटची १९८० ची .३९० सरासरी तोंडावर फेकतो आणि म्हणतो, वजन पुढे टाक. कोपर वर ठेवायचं ते वेगळंच. पोरगी चेंडूपेक्षा स्वतःच्या कोपराकडे जास्त बघते. भांडा तुम्ही.

गल्लीतला
कोपराचं खूळ क्रिकेटमधलं. तिथेही ‘पुढचं कोपर वर’ करून पिढ्या आखडल्या. ब्रॅडमन टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू आपटून स्टंपने मारायचा. बॅट उचलायचा ती स्लिपच्या दिशेने. आज कुठलाही कोच ते आधी मोडून काढेल. सरासरी ९९.९४!

निमूट
क्रिकेटमध्ये पुढचं कोपर, इथे मागचं. निदान कोपर तरी एकच धरा.

आडवी बॅट
आलं क्रिकेट! टप्पा पडलेल्या चेंडूचा आणि याचा काय संबंध? आणि स्टंप घेऊन भिंतीशी खेळलेली बाकीची हजारो पोरं कुठे आहेत? तो ब्रॅडमन होता म्हणून ब्रॅडमन झाला.

गल्लीतला
म्हणजे कोचमुळे नाही झाला. तेच म्हणतोय मी.

आडवी बॅट
तुम्ही काहीही म्हणत नाही आहात. एक अपवाद घेऊन नाचताय. माझ्या कोचने माझी बॅट उचलायची पद्धत सुधारली नसती तर मी शाळेच्या संघातही आलो नसतो.

गल्लीतला
शाळेच्या संघात! मग प्रश्नच मिटला.

आडवी बॅट
तोंड सांभाळून लिहा.

तिसरा बेस
धागा स्विंगचा आहे, मंडळी. निमूट यांच्या मुलीला अवयवांची यादी देऊ नका, चेंडू कुठे पाठवायचा ते सांगा. लक्ष शरीराबाहेर ठेवलं की हालचाल सुधारते, यावर हालचाली शिकण्याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांचं बरंच संशोधन आहे.

डावखुरे
बरं बाबा. रविवारी ‘खाली’ म्हणणार नाही. ‘पिचरच्या डोक्यावरून परत पाठव’ म्हणेन. पोरं मारायची तशीच मारतील, तुम्हाला झोप लागेल.

तिसरा बेस
चालेल. उपकार झाले.

गल्लीतला
ते असू दे. ब्रॅडमनचा कोच कोण, ते कुणी सांगितलंच नाही.