लग्नाच्या एडिटिंगसाठी पीसी विकून आयपॅड प्रो घ्यावा का?

दांडियाबाजारवाला:
मंडळी, सल्ला हवाय. मी बडोद्यात लग्नाच्या फिल्म करतो आणि नवरात्रात गरब्याच्या रील्स. पीसी आठ वर्षांचा झालाय, फोरके व्हिडिओ एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकला की अडकत अडकत चालतं आणि पंखा नुसता घरघरतो. परवा दुकानात एम४ चिपचा आयपॅड प्रो हातात घेतला, स्क्रीन बघून जीवच जडला. पीसी विकून हाच घेतला तर लग्नसराई निघेल का? म्हणजे दोन तासांची फिल्म, अल्बम, सगळंच.

रात्रपाळी:
दादा, पीसी विकू नका!! मी दोन नवरात्रं टॅबलेटवर काढलीत. रीलसाठी खरंच सोनं आहे, मैदानाबाहेर स्कूटरच्या सीटवर ठेवून, कार्ड रीडर लावून, पेनाने क्लिपा उचलून एक वाजायच्या आत रील गेलेली असते. चिपची ताकद भरपूर आहे, एडिटिंगची मोठी अॅप्सही आहेत, दाविंची रिझॉल्व्ह २०२२ च्या डिसेंबरात आयपॅडवर आलं, फायनल कट २०२३ च्या मेमध्ये. अडतं ते फायलींपाशी. तीन कॅमेरे आणि ड्रोन धरून एका लग्नाचे पाचशे-सहाशे जीबी होतात, ते कॉपी करा, बॅकअप घ्या, पुन्हा हार्ड डिस्क जोडा, यातच रात्र जाते. एकदा एक्सपोर्ट लावला आणि मधेच नवरदेवाच्या काकांचा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल आला, तो घेतला तर परत येईपर्यंत एक्सपोर्ट रद्द, चाळीस मिनिटं वाया. नव्या आयपॅडओएसमध्ये मागे काम चालू ठेवायची सोय आलीय, पण अॅपनेही ती घेतलेली हवी. आणि तुम्ही पीसीवर एडिटिंगला अडोबीचं प्रीमियर वापरत असाल तर जुनी प्रोजेक्टं त्यावर उघडणारच नाहीत, प्रीमियर प्रो आयपॅडवर नाहीये.

रंगरेषा:
मी चित्रं काढते, माझं सगळं काम आयपॅडवरच होतं, पेनाची सवय झाली की माउस नको वाटतो. पण पत्रिका छापायला दिली की प्रेसवाले कोरलड्रॉची सीडीआर फाइल मागतात आणि मराठी मजकूर श्रीलिपी फाँटमध्ये, त्यासाठी भावाचा विंडोज लॅपटॉप उघडावाच लागतो. तुमच्या अल्बमचंही तेच होईल, प्रेसला आधी विचारून घ्या. आणि घेतलाच तर मेमरी बघून घ्या हं, एम४ मध्ये २५६ आणि ५१२ जीबी स्टोरेजवाल्यांना ८ जीबी रॅम, १ टीबीपासून पुढे १६.

दांडियाबाजारवाला:
अरे बापरे, श्रीलिपीचं डोक्यातच नव्हतं, आमचा अल्बमवालाही तीच मागतो. प्रीमियरच वापरतो मी. मग पीसी राहू दे, त्यातच नवीन एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड टाकतो. गरब्यापुरता जुना एम१ चिपवाला आयपॅड चालेल का रात्रपाळी? बडोद्यात कुणी विकत असेल तर सांगा.

रात्रपाळी:
रील्सना आरामात चालेल. फक्त घ्यायच्या आधी बॅटरी बघा, आणि स्वतःचा कार्ड रीडर नेऊन दुकानातच लावून बघा.