गोडाऊनचे दिवे एलईडी करायचेत, तीन कोटेशनांतून कॉन्ट्रॅक्टर कसा निवडू?

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या गोडाऊनमध्ये 400 वॅटचे 60 मेटल हॅलाइड हायबे (उंच छताला लावायचे जुन्या प्रकारचे मोठे दिवे) आहेत, शेजारच्या ऑफिसात जुन्या चोकवाल्या ट्यूब. सगळं एलईडी करायचं ठरलंय आणि काम माझ्यावर आलंय. तीन कोटेशनं आलीत, पण एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

पहिला सगळ्यात स्वस्त. म्हणतो 400 च्या जागी 150 चा लावतो, झालं काम. मी स्वतः हिशोब मांडला, जुना दिवा चोकसकट साधारण 450 वॅट खातो म्हणजे दिव्यामागे 300 वाचतात, 60 दिवे, रोज 12 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 64,800 युनिट. त्याच्या कागदावर बरोबर दुप्पट, कारण त्याने दिवे 24 तास चालू धरलेत! विचारलं तर म्हणे सगळे असंच धरतात. तिथेच माझं मन उठलं.

दुसरा महाग आहे, पण तो एकटाच लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) घेऊन रॅकच्या गल्ल्यांमधून फिरला आणि डायलक्स या लाइटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन काढून दिलं. त्याचं म्हणणं, नुसते वॅट बघून चालत नाही, उंच रॅकमध्ये बीम अँगल (उजेड किती पसरतो तो कोन) चुकला तर जमिनीवर लख्ख उजेड आणि खोक्यावरचं लेबल अंधारात. मला हे पटलं, कारण आमच्या मुलांची तक्रार आत्ताही हीच आहे.

तिसरा म्हणतो आधी काही देऊ नका, बचतीतून हप्ते द्या. ऐकायला छान वाटतं, पण बचत मोजणार कोण? लाइटिंगच्या सर्किटला वेगळा मीटर लावून आधीचं रीडिंग घेऊन ठेवावं का? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

वॉरंटीचंही नीट कळत नाहीये. तिघांनी 50,000 तास लिहिलंय, पण माझ्या समजुतीप्रमाणे तो उजेड 70 टक्क्यांवर यायचा आकडा, आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतो. ड्रायव्हरची वॉरंटी तर फक्त 2 वर्षं. आणि दिवा बंद पडला तर एवढ्या उंचीवर चढायला लिफ्ट आणायची, तिचा आणि मजुरीचा खर्च कोणाचा, हे कुणीच लिहिलेलं नाही. जुन्या ट्यूब आणि दिव्यांत पारा असतो, ते कोण नेणार याबद्दलही एक अक्षर नाही.

माझा विचार असा, की दुसऱ्याला आधी एकाच गल्लीत चार दिवे लावायला सांगायचे, महिनाभर बघायचं, लक्स मोजायचा आणि मगच पूर्ण ऑर्डर द्यायची. कॉन्ट्रॅक्टर असं सॅम्पल लावायला तयार होतात का, आणि शेवटच्या पेमेंटमधले किती टक्के अडकवून ठेवलेले बरे?