हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतून करू की ओपन? नंतरचं दुखणं कशात कमी?

मोकळा_वारा:
नमस्कार मंडळी, वय ४३, उजव्या जांघेत हर्निया निघालाय. उभं राहिलं की लिंबाएवढी गाठ येते, आडवा झालो की आपोआप आत जाते. दुखत असं फारसं नाही पण संध्याकाळपर्यंत ओढल्यासारखं होतं आणि शिंक आली की हात आधी तिथे जातो. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून करू, दुसरे म्हणतात ओपन, म्हणजे चिरा देऊन केलेलं बरं, कमकुवत जागेला आधार द्यायची जाळी दोघंही घालणार आहेत. मला ऑपरेशनची भीती नाही हो, भीती नंतरची आहे. माझ्या मोठ्या भावाचं ओपन झालं त्याला दोन वर्षं होत आली तरी खुर्चीतून उठताना अजून कळ येते, पॅंटचा बेल्ट घट्ट लावता येत नाही, आणि दाखवायला गेला की ऐकायला मिळतं जखम छान भरलीये, सगळं ठीक आहे. अरे पण ठीक असतं तर माणूस परत परत कशाला आला असता? कुणी केलं असेल तर खरंखरं सांगा प्लीज.

जुना_सायकलवाला:
दादा, माझं ओपन झालंय, जाळी टाकून. पहिले काही दिवस खोकायचं म्हणजे उशी पोटाशी धरूनच, नंतर हळूहळू सुटलं. आता दुखत नाही, फक्त चिऱ्याच्या खालची थोडी जागा बधिर आहे, भूल दिलेल्या गालावरून बोटं फिरवल्यासारखं वाटतं तिथे, त्याचा त्रास काही नाही. सायकल पूर्वीसारखी चालवतो. म्हणजे ओपन म्हटलं की दुखणं राहणारच असं अजिबात नाही, तुमच्या भावाचं बघून घाबरू नका.

ओटी_सिस्टर:
ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून सविस्तर लिहिते. ऑपरेशननंतरचं दुखणं ३ महिन्यांच्या पुढे टिकलं तर त्याला क्रॉनिक पेन, म्हणजे जुनाट दुखणं धरतात. साधारण १० ते १२ टक्के लोकांना जाणवण्याइतका त्रास राहतो, आणि रोजची कामं अडतील इतका जबर त्रास ०.५ ते ६ टक्क्यांच्या मध्ये, म्हणजे बहुतेकांचं नीट होतं पण ज्याचं होत नाही त्याचे हाल असतात, त्याला "ठीक आहे" म्हणून घरी पाठवणं चूकच.

आता कारण. जांघेत जिथून हर्निया बाहेर येतो त्या बारीक वाटेतून किंवा अगदी जवळून तीन बारीक नसा जातात. ओपनमध्ये चिरा समोरून, जाळीही समोरून स्नायूंवर शिवतात, मग एखादी नस टाक्यात सापडते, कापली जाते किंवा जाळीभोवती जो कडकपणा येतो त्यात अडकते. दुर्बिणीत जाळी मागच्या बाजूने, स्नायू आणि पोटाच्या आतल्या पडद्याच्या मध्ये बसते, त्यामुळे या तीन नसांना धक्का कमी. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये पुरुषांच्या एका बाजूच्या, पहिल्यांदाच होणाऱ्या हर्नियाला दुर्बिणीचीच शिफारस आहे, सुरुवातीचं आणि नंतरचं दोन्ही दुखणं कमी म्हणून, पण अट अशी की सर्जनचा त्यात हात बसलेला हवा. ही अट लोक वाचतच नाहीत! दुर्बिणीचं शिकायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे क्वचित दुर्बीण धरणाऱ्यापेक्षा रोज ओपन करणारा केव्हाही बरा. तिथे जाऊन थेट विचारा, तुम्ही हे किती करता, नसा ओळखून जपता का. चांगला सर्जन या प्रश्नाला चिडत नाही.

अजून एक, ऑपरेशनच्या आधीच खूप दुखत असेल किंवा वय कमी असेल तर नंतर त्रास राहायची शक्यता वाढते. तुमचं आत्ता फारसं दुखत नाही ही चांगली गोष्ट आहे. दुर्बिणीला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते, ओपन जागा बधिर करूनही होतं, म्हणून हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्याचं गणित वेगळं. प्रोस्टेटचं ऑपरेशन आधी झालेलं असेल तरी ओपनकडे कल असतो.

अंगणातली_जाई:
सिस्टर म्हणतात ते बरोबर पण दुर्बीण म्हणजे दुखणं नाहीच असं कुणी धरू नका. आमच्या ह्यांचं दुर्बिणीतूनच झालं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग आग, चादर लागली तरी सहन व्हायची नाही. आधी मनाचे खेळ म्हणून बोळवण झाली. शेवटी एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे दुखण्यावरच उपचार करतात तिथे, नीट तपासलं, मांडीच्या नसेला त्रास होतोय निघालं, जाळी आत पिनांनी पक्की करतात ना त्यातून हे होऊ शकतं म्हणाले. नसेपाशी इंजेक्शन आणि नसेच्या दुखण्याच्या गोळ्या, यावर बरंच उतरलं. भावाला सांगा, नुसतं "दुखतंय" म्हणू नका, कुठे, कधी, आग होते की टोचतं की करंट मारतो, बोटाने दाखवा, त्यावरून कळतं म्हणे.

मोकळा_वारा:
ताई, सिस्टर, खूप आभार. भावाला हे वाचून दाखवतो. अजून एक, एवढं दुखत नाही तर मी थांबलो तर चालेल का? आणि भावाचं आता काय होऊ शकतं?

ओटी_सिस्टर:
थांबता येतं, सर्जनच्या नजरेखाली. उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर अभ्यास झाला होता, २००६ मध्ये छापून आला, ज्यांना थांबवलं त्यातल्या साधारण २३ टक्के लोकांनी २ वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, आतडं अडकायचं प्रमाण फारच कमी, हजारात वर्षाला दोनच्या आत. पण पुढे १० वर्षांत बहुतेकांना, दोनतृतीयांशाहून जास्त जणांना करावंच लागलं, मुख्यतः दुखायला लागलं म्हणून. तेव्हा घाईने उद्याच करायला नको, दोन्ही सर्जनना प्रश्न विचारून ठरवा. फक्त गाठ आत जाईनाशी झाली, कडक झाली, लाल झाली, उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री निघायचं.

भावाची आधी सोनोग्राफी करून हर्निया परत आलाय का ते बघतील. नसेल तर नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात, तेवढ्यापुरतं दुखणं थांबलं तर नसेचंच आहे हे जवळपास पक्कं. औषधं आणि इंजेक्शनने नाहीच भागलं तर नसा कापण्याचं किंवा जाळी काढण्याचं ऑपरेशनही असतं, पण ते अगदी शेवटी आणि नेहमी हेच काम करणाऱ्याकडे. जुन्या ऑपरेशनची नोट मागून घ्या आधी, त्यात कुठली जाळी आणि नसांचं काय केलं ते लिहिलेलं असतं, नवीन डॉक्टर पहिलं तेच विचारतील.